दुकान तिथेच, रस्ता बदलला!

पुणे-नाशिक हायवेवर मंचर आणि नारायणगाव पूर्वी गावातूनच पार करावं लागायचं. ट्रॅफिकमध्ये अडकलेला माणूस वैतागून का होईना, पण चहाला उतरायचा. मग बायपास झाले. आपला वेळ वाचला, पण जुन्या रस्त्यावरच्या चहावाल्याचं काय? त्याचा चहा काही बिघडला नव्हता! छोट्या वेबसाइटवाल्यांचं आज अगदी हेच झालंय. हे मी ऐकीव सांगत नाही, कारण त्यांतला एक मीही आहे.

जुन्नर-आंबेगावची माहिती देणारी माझी एक छोटी मराठी साइट आहे. (मी कॉन्व्हेंटवाला, त्यामुळे शुद्धलेखन आजोबा तपासतात!) घाटघरची एसटी किती वाजता, नाणेघाटातला सातवाहनांचा ब्राह्मी शिलालेख कुठल्या गुहेत, पावसात भीमाशंकरची कुठली वाट निसरडी, असली माहिती. सुट्टीत घरी गेलो की स्वतः जाऊन बघायचं, विचारायचं आणि पान दुरुस्त करायचं, हा माझा उद्योग. जाहिरातींतून डोमेन आणि होस्टिंगचा खर्च निघायचा, वर मेसच्या बिलाला हातभार!

आता थोडी थिअरी. सर्च इंजिन तीन कामं करतं:
१) क्रॉलिंग – प्रोग्राम पाठवून पानं वाचणं.
२) इंडेक्सिंग – कुठल्या पानावर काय आहे याची नोंद ठेवणं.
३) रँकिंग – प्रश्नाला जुळणारी पानं क्रमाने दाखवणं.

यामागे एक न लिहिलेला करार होता. आम्ही पान फुकट वाचू द्यायचं, त्यांनी वाचक पाठवायचे. आता चौथं काम आलं: पानं वाचून उत्तर स्वतःच लिहून देणं. गूगलचे एआय सारांश भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये आले. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने मार्च २०२५ मधला सर्चचा वापर तपासला. सारांश नसताना लोकांनी १५ टक्के वेळा खालच्या एखाद्या लिंकवर क्लिक केलं, सारांश असताना फक्त ८ टक्के वेळा. सारांशातल्या लिंकवर तर जेमतेम १ टक्का! माझ्या रिपोर्टमध्येही तेच दिसतं. पान यादीत पूर्वीइतकंच झळकतं, पण उघडणारे निम्म्याहून कमी.

तुम्ही म्हणाल, मग बंदी घाल ना! रोबॉट्स फाइलमध्ये 'आत येऊ नका' असं लिहिता येतं, ही पद्धत १९९४ पासूनची आहे. पण सर्चच्या क्रॉलरलाच अडवलं, तर आपण यादीतूनही जवळजवळ गायब! गूगलने २०२३ मध्ये एआयसाठी 'गूगल-एक्स्टेंडेड' हा वेगळा पर्याय दिला, पण तो सर्चमधल्या सारांशाला लागू होत नाही. 'नोस्निपेट' टॅग लावला तर सारांश थांबतो, पण यादीत नावाखालच्या दोन ओळीही जातात. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर.

पैशांचं एक वेळ सोडा. गेल्या पावसाळ्यात जुन्नर स्टँडवर मुंबईचा एक ग्रुप भेटला. घाटघरची गाडी चुकली म्हणून बसले होते. मोबाइलवर एआयने दिलेली वेळ दाखवली, ती जुनी होती. नवी वेळ मी पंधरा दिवसांपूर्वीच पानावर टाकली होती, पण ते पान त्यांनी उघडलंच नव्हतं. आणि ती जुनी वेळ एआयने माझ्याच जुन्या पानावरून उचलली असेल का, हा विचार अजून छळतो.

मुद्दा असा की एआय स्टँडवर जाऊन विचारत नाही. कुणीतरी जातं, लिहितं, मग एआयला कळतं. त्या 'कुणीतरी'चा खर्चच निघाला नाही, तर उद्या उत्तर कशावरून लिहिणार?

मी आता एकाच रस्त्यावर अवलंबून राहत नाही. व्हॉट्सअॅपवर वेळा पाठवतो, स्टँडजवळच्या हॉटेलात छापील कागदही लावलाय. आणि तुम्हाला एकच विनंती. असाइनमेंटला एआय वापरा, मीही वापरतो! पण जिथे चूक महागात पडेल, तिथे खालची लिंक उघडा आणि पान कधी दुरुस्त केलंय ती तारीख बघा. बायपासने जरूर जा, पण चहा हवा असेल तर गावात वळावंच लागतं!