किल्ली कोणाच्या हाती?



तुमच्या घरी कोणी शिक्षक, तलाठी किंवा सरकारी कचेरीत कारकून असेल, तर 'सेवापुस्तक' हा शब्द तुमच्या कानांवरून गेला असेल. जन्मतारीख, नोकरीत रुजू झाल्याचा दिवस, पगारवाढ, बदली, रजा, शिक्षा झाली असल्यास तिचीही नोंद, असा नोकरीचा सारा इतिहास त्या एका पुस्तकात असतो. ते कपाटात कुलूपबंद ठेवायचे, ज्याला काम असेल त्याने मागायचे, आणि काम झाले की परत करायचे, अशी साधी रीत.

आता कल्पना करा, की वीस लाखांहून अधिक सरकारी नोकरांची सेवापुस्तके एकाच कपाटात आहेत आणि ते कपाट म्हणजे संगणक आहे. त्याची किल्ली कोणाला द्यावी? अमेरिकेत हा प्रश्न २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये मोठ्या स्वरूपात उभा राहिला. या दोन घटनांतून संगणकशास्त्रातील एक साधे पण महत्त्वाचे तत्त्व आपल्याला समजून घेता येईल.

कागदाचा पहारा

अमेरिकेच्या केंद्र सरकारातील नोकरांच्या नोंदी सांभाळणाऱ्या कार्यालयाचे नाव 'ऑफिस ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंट', थोडक्यात 'ओपीएम'. ते १९७९ साली स्थापन झाले. पेनसिल्व्हेनिया राज्यातील बॉयर्स या गावाजवळ चुनखडीची एक जुनी खाण आहे. निवृत्त होणाऱ्या नोकरांचे कागद अनेक दशके या खाणीत, जमिनीखाली दोनशेहून अधिक फुटांवर ठेवले जात. तेथील कर्मचारी ते हातांनी चाळून निवृत्तिवेतनाचे काम उरकत.

हे काम संथ होते, यात शंका नाही. पण कागदाचा एक गुण लक्षात घ्या: तो स्वतःच स्वतःचा पहारेकरी असतो. महत्त्वाच्या पदावर नेमण्यापूर्वी उमेदवाराची पार्श्वभूमी तपासतात. त्यासाठी भरावयाचा अमेरिकेतील एक अर्ज १२७ पानांचा होता. गेल्या दहा वर्षांतील पत्ते, नातेवाईक, परदेशातील ओळखी, कर्जे, मानसिक उपचार असे सर्व काही त्यात विचारलेले असे. समजा, १ कोटी ९७ लाख लोकांनी असा अर्ज कागदाच्या एकाच बाजूवर भरला. मग पाने किती झाली?

१,९७,००,००० × १२७ = सुमारे २५० कोटी.

एका कागदाची जाडी ०.१ मिलिमीटर धरली, तर ही चळत २५० किलोमीटर उंच होईल! ती चोरायची म्हणजे आगगाड्याच लागतील. संगणकात मात्र याच माहितीची नक्कल कोणाला पत्ता न लागता होऊ शकते. मूळ माहिती जागच्या जागी राहते, त्यामुळे काही हरवले आहे असे वाटतही नाही.

चोराच्या हाती किल्ली

वरच्या उदाहरणात १ कोटी ९७ लाख हा आकडा आम्ही सहज घेतलेला नाही. एप्रिल २०१५ मध्ये ओपीएमच्या संगणकांवर लक्ष ठेवणाऱ्यांना दिसले, की आतून एका अनोळखी पत्त्याकडे माहिती जात आहे. पत्त्याचे नाव होते 'ओपीएम सिक्युरिटी'. वाटावे की तो कार्यालयाचाच आहे. प्रत्यक्षात कार्यालयाचा असा कोणताही पत्ता नव्हता. तो ज्याच्या नावाने नोंदवलेला होता, त्याचे नाव 'स्टीव्ह रॉजर्स'. चित्रकथा वाचणाऱ्यांनी ओळखलेच असेल: हे तर 'कॅप्टन अमेरिका'चे खरे नाव!

चौकशीत कळले, की चोरांनी भिंत फोडलेली नव्हती. कार्यालयासाठी काम करणाऱ्या एका ठेकेदार कंपनीला दिलेले वापरनाव व परवलीचा शब्द त्यांच्या हाती लागले होते. म्हणजे चोर किल्ली घेऊनच आत आला होता. ज्यांची पार्श्वभूमी तपासली गेली होती असे १ कोटी ९७ लाख आणि मुख्यतः त्यांचे पती, पत्नी वा सहनिवासी मिळून १८ लाख, अशा एकूण २ कोटी १५ लाख लोकांची माहिती बाहेर गेली. त्यांपैकी ५६ लाखांच्या बोटांचे ठसेही गेले. परवलीचा शब्द बदलता येतो, बोटे कशी बदलणार? अमेरिकेच्या अधिकाऱ्यांनी चीनकडे बोट दाखवले, चीनने इन्कार केला. जुलै २०१५ मध्ये ओपीएमच्या संचालकांनी राजीनामा दिला.

किल्ल्यांचे तीन प्रकार

संगणकाची किल्ली म्हणजे 'प्रवेशाधिकार'. स्थूलमानाने त्याचे तीन प्रकार सांगता येतील.

पहिला, फक्त वाचण्याचा. शाळेच्या फलकावर लागलेला निकाल तुम्ही वाचू शकता, पण गुण बदलू शकत नाही, तसेच हे.

दुसरा, लिहिण्याचा. गुणपत्रक भरणाऱ्या शिक्षकांना तो असतो. पण तोही आपल्या वर्गापुरता, आपल्या विषयापुरता.

तिसरा, प्रशासकाचा. प्रशासक नवी किल्ली घडवू शकतो, दुसऱ्याची काढून घेऊ शकतो. कोण केव्हा आत आले याची जी नोंदवही संगणक आपोआप ठेवतो, तिलाही तो बहुतेक वेळा हात लावू शकतो. दुरुस्ती करणाऱ्या अभियंत्याला कधी कधी असा अधिकार द्यावाच लागतो, आणि खरी अडचण इथेच आहे. नळ दुरुस्त करणाऱ्याला न्हाणीघरात येऊ द्यावे लागते, पण त्यासाठी कोणी तिजोरीची किल्ली त्याच्या हाती देत नाही.

म्हणून संगणकशास्त्रात 'किमान अधिकाराचे तत्त्व' मानले जाते. ज्याला जे काम आहे, त्याला तेवढ्याच कामापुरता आणि तेवढ्याच काळापुरता अधिकार द्यावा, असे हे तत्त्व सांगते. माणूस प्रामाणिक असला तरी ते लागू असते. प्रामाणिक माणसाचीही चूक होते, आणि त्याची किल्लीही चोरीला जाऊ शकते. अमेरिकेच्या १९७४ च्या खासगीपणाविषयीच्या कायद्यातही हाच विचार आहे: कार्यालयातील नोकरालासुद्धा एखाद्याची नोंद पाहायची, तर त्याच्या कामासाठी तिची गरज असली पाहिजे.

बाहेरचे अभियंते आत येतात

खासगी कंपन्यांतील अभियंत्यांनी सरकारी संगणकांवर काम करणे ही काही २०२५ मधील नवी गोष्ट नव्हे. ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकेत आरोग्य विम्यासाठी उभारलेली सरकारी संगणक-सेवा सुरू होताच कोलमडली. ती सावरायला बाहेरचे तज्ज्ञ धावून आले. त्यातूनच २०१४ साली 'युनायटेड स्टेट्स डिजिटल सर्व्हिस' ही सरकारी शाखा जन्मली.

२० जानेवारी २०२५ रोजी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी आदेश काढून या शाखेचे नाव बदलले. तिच्याभोवती उभ्या राहिलेल्या मोहिमेला 'डोज' म्हटले जाऊ लागले. उद्योगपती इलॉन मस्क हे तिचा चेहरा होते. कायद्यात बसेल तितका, सर्व बिगरगोपनीय नोंदी व संगणक-व्यवस्थांमध्ये पूर्ण आणि त्वरित प्रवेश या शाखेला द्यावा, असे आदेशात म्हटले होते. काही दिवसांतच तंत्रज्ञान कंपन्यांतून आलेले अभियंते ओपीएममध्ये दाखल झाले. त्यांतील काही तर विशीतले होते. त्यांना व्यवस्थांमधील प्रवेश मिळाला, काहींना प्रशासकाचाही.

सरकारचे म्हणणे असे, की जुनाट व्यवस्था सुधारायच्या आणि उधळपट्टी शोधायची, तर आत पाहावेच लागेल. नोकरांच्या संघटनांचे म्हणणे असे, की यासाठी लाखो लोकांच्या खासगी नोंदी उघडण्याची गरज नाही. प्रकरण न्यायालयांत गेले. ९ जून २०२५ रोजी न्यूयॉर्कमधील न्यायाधीश डेनिस कोट यांनी प्राथमिक निर्णय संघटनांच्या बाजूने दिला. प्रवेश घाईने आणि सुरक्षेच्या रूढ पद्धती बाजूला सारून दिला गेला, असे त्यांचे मत पडले. दुसऱ्या एका खटल्यात मात्र १२ ऑगस्ट २०२५ रोजी वरिष्ठ न्यायालयाने असाच प्रवेश रोखणारा खालच्या न्यायालयाचा आदेश रद्द केला. एकाच प्रश्नावर शहाणीसुरती माणसे वेगवेगळ्या निष्कर्षांना आली, हे ध्यानात ठेवा.

मग काय करावे?

अभियंता किती हुशार आहे, एवढ्याने या प्रश्नाचा निकाल लागत नाही. चार गोष्टी विचाराव्या लागतात. त्याला नेमके कोणते काम दिले आहे? त्यासाठी किती माहिती पुरेल? बनावट नावांच्या नमुना-नोंदींवर काम भागेल का? आणि त्याने काय पाहिले, काय बदलले, याची नोंद त्याच्या हाताबाहेर दुसऱ्या कोणाकडे राहते का?

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. २०१५ ची चोरी पकडली गेली, ती कोणीतरी नोंदी नीट पाहत होते म्हणून. किल्ली देणाऱ्याने वहीत लिहून ठेवावे आणि ती वही किल्ली घेणाऱ्याच्या हाती देऊ नये, ही आपल्या जुन्या कचेऱ्यांतील रीत संगणकाच्या युगातही शहाणपणाचीच ठरते.

विचार करा, करून पाहा

१. तुमच्या शाळेत विद्यार्थ्यांच्या कोणकोणत्या नोंदी ठेवतात? शिक्षकांच्या मदतीने यादी करा.

२. वहीत तक्ता आखा. आडव्या ओळींत मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, कारकून, पालक, संगणक दुरुस्त करणारा; उभ्या रकान्यांत गुण, पत्ता, शुल्क, आजारपणाची नोंद. प्रत्येक चौकोनात 'वाचणे', 'लिहिणे' किंवा 'काहीच नाही' असे भरा. दोघांचे तक्ते कुठे जुळत नाहीत, त्यावर वर्गात चर्चा करा.

३. एकच माणूस किल्लीही देतो आणि नोंदवहीही सांभाळतो, असे असेल तर काय बिघडेल?