घनसावंगीहून जालन्याला, बदललं तेवढंच

घनसावंगीतल्या एका पतसंस्थेचे संगणक सांभाळणारा भाचा आणि जालन्यात हेच काम करणारी त्याची मावशी यांच्यातलं हे बोलणं.

भाचा: मावशी, रोज संध्याकाळी मी सगळं हार्ड डिस्कवर घेऊन कपाटात ठेवतो. मग जालन्याला आणखी कशाला पाठवायचं?

मावशी: कपाट त्याच खोलीत आहे ना? २१ जून २०१२ ला मंत्रालयात चौथ्या मजल्यावर आग लागली, वरचे मजले पेटले, माणसं गेली. ज्या फायलींची प्रत दुसरीकडे नव्हती, त्या कायमच्या गेल्या.

भाचा: पण आमची लाईन! अपलोड जेमतेम २ एमबीपीएस, पाऊस आला की तेही नाही. आणि कर्जाच्या कागदांचे स्कॅन धरून डेटा २०० जीबी.

मावशी: हिशेब कर. २०० जीबी म्हणजे १६ लाख मेगाबिट. भागिले २, म्हणजे ८ लाख सेकंद. सव्वानऊ दिवस, तेही लाईन एकदाही न तुटता! पहिली प्रत लाईनवरून पाठवूच नकोस. डिस्क एन्क्रिप्ट कर आणि एसटीने घेऊन ये. मग रोजचा बदल किती राहतो?

भाचा: ३०० एमबी असेल.

मावशी: म्हणजे २० मिनिटं.

भाचा: पण खात्यांची फाईल एकच आहे, ४ जीबीची. शंभर नोंदी बदलल्या तरी अख्खीच जाणार ना?

मावशी: नाही जात. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये ‘आरसिंक’ हे सॉफ्टवेअर आणलं ते यासाठीच. जालन्याचा सर्व्हर कालच्या फाईलचे सारख्या मापाचे तुकडे पाडतो आणि प्रत्येकाचे दोन आकडे काढतो: एक झटपट निघणारा, कच्चा; दुसरा पक्का. लाईनवरून तुझ्याकडे येतात ते फक्त हे आकडे. तुझा संगणक आजच्या फाईलवर त्याच मापाची चौकट एकेक बाईट सरकवत नेतो. कच्चा आकडा जुळला तरच पक्का तपासतो. तोही जुळला, तर ‘तुझ्याकडचा अमुक तुकडा घे’ एवढाच निरोप इकडे येतो. जुळत नाही तेवढा मजकूर मात्र जसाच्या तसा.

भाचा: चौकट एकेक बाईट सरकवायची कशाला? ठरलेल्या जागी ताडून पाहिलं तर?

मावशी: फाईलच्या सुरुवातीला एक नोंद घुसली की पुढचं सगळं सरकतं, मग एकही तुकडा जुळायचा नाही. आणि सरकवणं महागही नाही. मागे सुटलेला बाईट वजा, पुढे आलेला मिळवला, की नवा कच्चा आकडा तयार. एक पथ्य पाळ: झिप करून पाठवू नकोस. थोडा बदल झाला तरी झिपचा पुढचा बहुतेक भाग बदलतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

भाचा: मध्येच लाईन गेली तर?

मावशी: आरसिंकचा ‘पार्शल’ पर्याय लाव, आलेला भाग टाकून दिला जात नाही. काम होईपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न करणारी छोटी स्क्रिप्ट रात्री चालव. दिवसा पाठवायची वेळ आलीच तर ‘बीडब्ल्यूलिमिट’ने वेग बांध, काउंटर अडता कामा नये.

भाचा: म्हणजे जालन्यात कायम आमची ताजी, हुबेहूब प्रत.

मावशी: तेवढ्यावर राहिलास तर फसशील. रॅन्समवेअरने रात्री फायली कुलूपबंद केल्या, तर त्याच ‘बदल’ म्हणून इकडे येतील आणि चांगल्या प्रतीवर बसतील. तारीखवार जुन्या प्रती ठेवाव्याच लागतात, आणि तुझ्या लॉगिनने त्या पुसता येता कामा नयेत. तुझ्या ४ जीबीच्या फाईलसाठी ‘बोर्ग’ किंवा ‘रेस्टिक’ हे बॅकअप प्रोग्रॅम बरे; तोच तुकडा ते दोनदा साठवत नाहीत.

भाचा: एवढं केलं की झालं?

मावशी: परत आणून पाहिल्याशिवाय नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या कितीतरी सोयी होत्या, ऐनवेळी एकही धड चालेना. सुमारे ६ तास जुनी एक प्रत हाती होती म्हणून निभावलं. तू दर महिन्याला एक कर्जखातं इथून मागव, उघड आणि शिल्लक ताडून बघ.

भाचा: बरं. उद्याच डिस्क घेऊन निघतो. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून सोबत आणू?

मावशी: डिस्कसोबत अजिबात नको. तो फोनवर सांग.