जमिनीतील विद्युत्क्षेत्राचे मापन

१३ मार्च १९८९ च्या पहाटे कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीजवहन-यंत्रणा अवघ्या दीड मिनिटात कोलमडली आणि सुमारे ६० लक्ष लोक नऊ तासांपर्यंत विजेवाचून राहिले. वीजनिर्मिती कमी पडली नव्हती. कारण होते सूर्यावरील उद्रेकामुळे पृथ्वीवर उठलेले चुंबकीय वादळ. परंतु हे वादळ इतर देशांतही पोहोचले होते; मग क्वेबेकलाच एवढा फटका का बसावा? याचे उत्तर आकाशाइतकेच जमिनीतही शोधावे लागते.

सूर्याकडून आलेल्या विद्युत्भारित कणांच्या झोतामुळे सुमारे १०० किलोमीटर उंचीवरील विद्युत्प्रवाह बदलतात व भूपृष्ठावरील चुंबकीय क्षेत्र हेलकावे खाऊ लागते. बदलते चुंबकीय क्षेत्र वाहकात वीज प्रवर्तित करते, हे फॅराडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिले. येथे वाहक म्हणजे खुद्द पृथ्वी होय. खडक मंदवाहक असला, तर त्यावरील विद्युत्क्षेत्र तीव्र होते. क्वेबेकचा बराचसा भाग अशाच अतिप्राचीन, कठीण खडकांचा आहे. तेथील शेकडो किलोमीटर लांबीच्या वाहिन्यांची टोके ट्रान्सफॉर्मरमार्फत जमिनीशी जोडलेली असल्याने या प्रवाहाला आयतीच वाट मिळते. तो इतका संथपणे बदलतो की, ट्रान्सफॉर्मरच्या दृष्टीने तो एकदिश प्रवाहच ठरतो. लोहगाभा चुंबकत्वाने संपृक्त होतो आणि यंत्रणेचा समतोल ढळतो.

हे क्षेत्र मोजण्याची रीत साधी आहे. सुमारे १०० मीटर अंतरावर दोन विद्युत्-अग्रे जमिनीत पुरतात, त्यांमधील विद्युत्दाब मोजतात व त्यास अंतराने भागतात. एक जोडी उत्तर-दक्षिण व दुसरी पूर्व-पश्चिम ठेवली म्हणजे क्षेत्राची दिशाही कळते. नुसती धातूची कांब मात्र चालत नाही. ओल्या मातीशी तिची रासायनिक क्रिया होऊन निराळाच दाब उत्पन्न होतो. म्हणून सच्छिद्र भांड्यात धातूच्याच क्षाराच्या सान्निध्यात ठेवलेली अग्रे वापरतात.

विजेवरील रेल्वेचे प्रवाहही जमिनीत उतरतात व मोजणी बिघडवतात. ट्रामगाड्या विजेवर चालणार, या कारणास्तव मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे चुंबकीय काम १९०४ मध्ये अलिबागला हलविण्यात आले, ते अशाच उपद्रवापासून दूर राहण्यासाठी. यावर उपाय म्हणजे जवळच्या चुंबकमापकाच्या नोंदीशी पडताळा पाहणे. दोन्ही नोंदी एकाच वेळी हेलकावल्या, तर कारण बहुधा आकाशातील असते.

चुंबकीय नोंदी आणि खडकांची वाहकता यांवरून हे क्षेत्र गणितानेही काढता येते. परंतु समुद्रकिनाऱ्यालगत किंवा दोन भिन्न खडकांच्या सीमेवर गणित फसू शकते. तेथे प्रत्यक्ष मापनच कसोटीस उतरते. ब्रिटनमध्ये २०१२-१३ पासून लरविक, एस्कडेलम्यूर व हार्टलँड या वेधशाळांत असे मापन सुरू झाले.

सूर्यावरील वादळ थोपविणे मनुष्याच्या हाती नाही. ते कोणत्या भूमीवर अधिक घातक ठरेल, हे मात्र आधीच जाणून घेता येते आणि तेथील ट्रान्सफॉर्मर वेळीच जपता येतात.