रिप्लाय येत नाही तेव्हा

कॉलेजच्या कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. बिनउत्तराचा मेल दोन्ही बाजूंनी पाहिला: पाठवणाऱ्याचा संताप आणि उत्तर न देणाऱ्याची अडचण.

धडगावकडच्या एका विद्यार्थ्याने एका संस्थेकडे फीसाठी मदत मागितली होती. रिप्लाय आला नाही म्हणून त्याने दुसरा मेल टाकला, ‘गरिबांना उत्तर द्यायची तुमची इच्छाच दिसत नाही.’ सोबत जिल्हाधिकाऱ्यांपासून आमदारांपर्यंत सगळ्यांना प्रत. मग माझ्याकडे आला. मेल उघडू म्हटलं तर पासवर्ड सायबर कॅफेवाल्याकडे, कारण खातं त्यानेच काढून दिलेलं. खातं उघडलं आणि स्पॅममध्ये संस्थेचं उत्तर सापडलं: गुणपत्रिकेची प्रत पुसट आहे, पुन्हा पाठवा. मुदत उलटून गेली होती. त्यात साहेबांना प्रती गेलेल्या, त्यामुळे तिथला लिपिक वरून विचारल्याशिवाय कागदाला हात लावेना.

तेव्हा स्मरणपत्राआधी स्पॅम बघा, पत्ता अक्षर न् अक्षर तपासा आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवा. आमच्याकडची अर्धी प्रकरणं इथेच मिटतात.

वेळही बघावी. होळीत काठी गावच्या राजवाडी होळीला सातपुडा लोटतो आणि त्याच सुमारास कार्यालयांत मार्चअखेरची बिलं चाललेली असतात. तेव्हाचं मौन मनावर घेऊ नये. एरवी आठ-दहा दिवस थांबावं. शेवटची तारीख जवळ असेल तर थांबू नये, सरळ फोन करावा.

स्मरणपत्रासाठी नवा मेल लिहू नका. ‘सेंट’मध्ये जाऊन आपल्याच जुन्या मेलवर रिप्लाय करा, म्हणजे पहिला मजकूर खाली राहतो आणि विषयही तोच राहतो. टेबलावरच्या माणसाला शोधाशोध करायला लावली की तुमचा मेल ‘नंतर बघू’मध्ये गेलाच. कागदपत्रं मात्र पुन्हा जोडा, रिप्लाय करताना ती आपोआप जात नाहीत. मजकूर एवढा पुरे:

‘महोदय, दि. 12 जूनच्या खालील मेलच्या संदर्भात विचारणा करीत आहे. माझा अर्ज क्रमांक अमुक. अर्जात काही त्रुटी असल्यास कृपया कळवावे, लगेच पूर्तता करतो. प्रवेशाची अंतिम तारीख 30 जून असल्याने त्यापूर्वी कळल्यास उपकार होतील.’

खाली पूर्ण नाव, वर्ग, मोबाइल. मोलगी-तोरणमाळकडच्या मुलांनी रेंजमधल्या एखाद्या नातेवाइकाचाही नंबर द्यावा. ‘त्रुटी असल्यास’ हे शब्द मी मुद्दाम घालायला लावतो. समोरच्याला दोष न देता उत्तराची वाट मोकळी होते. ‘अजूनपर्यंत’, ‘वारंवार कळवूनही’ हे शब्द पहिल्या स्मरणपत्रात नकोत. ‘आपला आज्ञाधारक’चीही गरज नाही, फार वाकलेलं पत्रही कोणी नीट वाचत नाही.

दुसरं स्मरणपत्रही वाया गेलं तर कार्यालयात फोन करून संबंधित टेबल कोणाकडे आहे ते विचारा आणि तिसरं स्मरणपत्र त्यांच्या वरिष्ठांना पाठवा, आधीच्या सगळ्या मेलच्या तारखा लिहून. सरकारी कार्यालय असेल तर 2005 चा दफ्तर दिरंगाईचा कायदा आहे. त्यानुसार एका कर्मचाऱ्याकडे फाइल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. माहिती अधिकारात अर्ज केला तर 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाहीतर पहिलं अपील करता येतं. पण कायद्याचं कलम पहिल्याच मेलमध्ये काढलं की समोरचा काम सोडून बचावाची टिपणी लिहायला बसतो. हे मी स्वतःच्या टेबलावरून सांगतो.

आणि उत्तर आलं, नकाराचं का असेना, तर दोन ओळी आभाराच्या टाका. पुढच्या वर्षी तुमच्या धाकट्या बहिणीचा अर्ज त्याच टेबलावर येणार आहे.