उन्हाळ्यांतील डोंगरचढण

बालाघाटाचे कडे दुरून पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं भूगर्भांतून भेगांवाटे आलेला लाव्हारस थरावर थर थिजला, त्याचा हा काळा पाषाण. पाटोदा तालुक्यांत सौताड्यास विंचरणा नदी जेथें दरींत कोसळते, तेथें मित्रांसह चढणाऱ्या विद्यार्थ्यानें आधीं हे थर ओळखावे. घट्ट थराचा कडा उभा राहतो. खालचा सच्छिद्र, मऊ थर झिजतो आणि वरचा दगड अधांतरीं राहतो. म्हणून धरावयाचा दगड प्रथम ठोकून पाहावा. पोकळ वाजला, तर तो मागून येणाऱ्या मित्राच्या डोक्यावर जाणार हें पक्कें समजावें. (आपल्या खालीं कोणी आहे, हें पुढच्यास क्वचितच स्मरतें!)

उन्हाळ्यांत धार आटते व मुलांस वाटतें, वाट मोकळी झाली. परंतु काळा पाषाण दुपारीं असा तापतो कीं, त्यावर हात टेकवत नाहीं. आणि हात टेकल्यावांचून चढतां येत नाहीं. यास्तव आम्ही उजाडतांच निघतों व दहाच्या आंत सावली गांठतों. निम्मे पाणी उतरणीसाठीं राखावें. उतरतांना पाऊल कोठें पडतें तें दिसत नाहीं, आणि थकलेला गुडघा थरथरतो. एकाच्याही डोळ्यांपुढें अंधारी आली, कीं त्याला सावलींत बसवून पाणी पाजावें, आणि तो सावरल्यावर सर्वांनीं मिळून उतरावें.