घरी शिकवा, पण दाखला सांभाळा

‘मुलीला शाळेतून काढून घरीच शिकवलं, तर आमच्यावर खटला होईल का?’ होमस्कूलिंगचा विचार करणारे आईवडील पहिला प्रश्न हाच विचारतात. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे, असं त्याचं दहावं कलम सांगतं. ते कर्तव्य न पाळणाऱ्या पालकांना शिक्षा मात्र या कायद्यात कुठेही नाही. २०१२ साली केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने दिल्ली उच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र देऊन सांगितलं होतं, की स्वेच्छेने घरी शिकवणाऱ्या पालकांच्या आड हा कायदा येत नाही. पुढे मंत्रालय त्या भूमिकेवर ठाम राहिलं नाही. म्हणजे शिक्षा नाही आणि लेखी परवानगीही नाही. ही अवस्था मान्य असेल, तरच पुढचा विचार करावा.

शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक दारात आले तर घाबरू नका आणि खोटंही सांगू नका. मूल काय वाचतं, काय लिहितं, काय बनवतं याच्या तारखेसह नोंदी दाखवा. अशा नोंदींची कुणी सक्ती केलेली नाही, तरी त्या ठेवाच. पुढे प्रवेशाच्या वेळीही उपयोगी पडतात. खरा धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. चार-सहा कुटुंबं मिळून एखादा फ्लॅट घेतात, शिक्षक नेमतात, फी ठरवतात आणि त्याला होमस्कूलिंग म्हणतात. मान्यतेशिवाय शाळा चालवणाऱ्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड आणि त्यानंतरही ती चालू ठेवली तर दिवसाला दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. ‘आमच्या सेंटरला घाला, बाकी आम्ही बघतो’ असं कुणी म्हणालं, तर मूल कोणत्या मंडळाच्या परीक्षेला बसणार, हे आधी लेखी मागा.

परतीचा रस्ता कायद्यानेच ठेवला आहे, आणि घाबरलेल्या पालकांना मी तो आवर्जून दाखवतो. शाळेत न गेलेल्या किंवा शाळा सोडलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावा, असं चौथं कलम सांगतं. दाखला मिळायला उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नसला, तरी प्रवेश नाकारता येत नाही. म्हणून पाचवीत घरी आणलेलं मूल सातवीत जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत परत जाऊ शकतं. मात्र या हक्काची हद्द आठवीपर्यंत. नववीत परतायचं म्हटलं की शाळेच्या मर्जीवर यावं लागतं, आणि तोंडावर दहावी असलेलं नवं मूल घ्यायला शाळा कचरतात. म्हणूनच मूल बाराव्या वर्षात येईपर्यंत दहावी कुठून करायची हे ठरवावं, असं माझं ठाम मत आहे.

बहुतेक कुटुंबांना सोयीचा पडतो तो राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा मार्ग. दहावीसाठी वयाची चौदा वर्षं पूर्ण हवीत. आठवीचं प्रमाणपत्र नसेल, तर ‘या अभ्यासक्रमापुरतं मी शिकलो आहे’ असं स्वयंघोषणापत्र आणि जन्मतारखेचा पुरावा चालतो. किमान पाच विषय लागतात, वर्षात दोनदा परीक्षा होते, आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. दहावी मराठी माध्यमातूनही करता येते. वेळापत्रक आपल्या हातात असल्यामुळे खेळ, संगीत किंवा आजारपण यांत गुंतलेल्या मुलांना हे मानवतं. एनआयओएसचं विभागीय केंद्र पुण्यात आहे. अर्ज संस्थेच्याच संकेतस्थळावर भरा. ‘नक्की पास करून देतो’ म्हणणाऱ्या दलालाला उंबऱ्याच्या आत घेऊ नका.

दुसरा मार्ग आपल्या राज्य मंडळाचा. फॉर्म नंबर १७ भरून खाजगीरीत्या दहावीला बसता येतं. पण तिथे शाळा सोडल्याचा दाखला मागतात. कधीच शाळेत न गेलेल्या मुलाची इथे अडचण होते.

पुढच्या करिअरचं काय? मुंबईच्या मालविका राज जोशी हिने घरी शिकत आंतरराष्ट्रीय इन्फर्मॅटिक्स ऑलिम्पियाडमध्ये दोन रौप्य आणि एक कांस्य पदक मिळवलं. त्याच बळावर २०१६ मध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने तिला घेतलं. आयआयटीचं दार मात्र तिला बंदच होतं, कारण तिथे बारावीची अट आहे. तिचं उदाहरण सांगून बारावी टाळायला सांगणाऱ्यांचं ऐकू नका. तशी पदकं लाखात एखाद्याची. एनआयओएसची पाच विषयांची बारावी जेईईला चालते. नीटसाठी मात्र मुक्त विद्यालयाची मुलं अनेक वर्षं बाहेर ठेवली होती. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली आणि २०२४ पर्यंत सर्वोच्च न्यायालयातही हा वाद मिटला. दहावी आणि बारावीत दोन वर्षांचं अंतर लागतं, हे धरूनच वर्षांचा हिशेब मांडा.

मदत कुठे मिळते? ‘स्वशिक्षण’ या होमस्कूलिंग कुटुंबांच्या संघटनेत आधी हाच रस्ता चाललेले पालक भेटतात. निर्णयाआधी अशा दोन-तीन घरी प्रत्यक्ष जाऊन या. बालभारतीची पाठ्यपुस्तकं आणि ‘किशोर’चे जुने अंक संकेतस्थळावर मोफत आहेत. विज्ञानासाठी अरविंद गुप्ता यांची टाकाऊतून केलेली खेळणी आणि पुस्तकं. पालकांसाठी पुण्याचं ‘पालकनीती’ मासिक. साधनांची वाण नाही. वाण असते ती वेळेची, आणि तो वेळ बहुतेक घरांत आईच्या नोकरीतून कापला जातो. ते ओझं कोण किती उचलणार हे दोघांनी आधी बोला, आणि मुलाला मनापासून विचारा. दहा वर्षांच्या मुलाला याबाबत स्पष्ट मत असतं.

एवढ्यावरही घरी शिकवायचं ठरलं, तर शाळेतून हट्टाने दाखला घ्या. सही-शिक्का बघा, नाव, जन्मतारीख आणि जात अक्षर न अक्षर तपासा, चूक असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या. जात पडताळणीपासून दहावीच्या अर्जापर्यंत हाच कागद लागणार आहे.