गणपतीत गावी गेलात, तर रोटिफरला कोण बघणार?

मे महिन्यात अंबरनाथहून एका आईंचा फोन आला. "सर, अकरावी सायन्स झालंय याचं. नीटच्या क्लासचे पैसे भरायचे की नाही ते ठरत नाहीये, आणि हा म्हणतो मला नेमो मासे वाढवायचेत. तेही गॅलरीत! ह्यांनी तर याच्याशी बोलणंच टाकलंय." मागून टीव्हीचा आवाज येत होता. बहुधा 'ह्यांचा'ही.

आजोबा ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त, वडील तिथेच नोकरीला. अशा घरात मुलाने समुद्री माशांची पिल्लं वाढवणं हे करिअर म्हणून सांगितलं, तर वडिलांचा आवाज चढणारच. मी त्यांना पगाराबद्दल काही सांगायच्या आधी एवढंच विचारलं, "गणपतीत गावी जाता का?"

"जातो ना, लांज्याला. सात दिवस."

"मग त्याला विचारा, त्या सात दिवसांत रोटिफरला कोण बघणार?"

मुलाला रोटिफर म्हणजे काय ते ठाऊक होतं. उत्तर मात्र त्याच्याकडे नव्हतं. या क्षेत्रात जाणाऱ्या मुलाची पारख इथेच होते, म्हणून हा सगळा प्रकार जरा सविस्तर सांगतो.

नेमो म्हणजे क्लाउनफिश. २००३ च्या चित्रपटाने तो घरोघरी पोहोचवला. (चित्रपटात आई गेल्यावर बाप पोराला शोधत फिरतो. खऱ्या समुद्रात तो बाप मादी झाला असता. या माशांत मादी गेली की तिच्या जोडीचा नर तिची जागा घेतो. हे सांगितल्यावर फोनवर थोडा वेळ शांतता होती.) जोडी जमली की मादी कौलाच्या किंवा कुंडीच्या तुकड्यावर अंडी चिकटवते. नर पंखांनी त्यांच्यावर पाणी खेळवत राहतो, खराब झालेली अंडी तोंडाने काढून टाकतो. पाणी २७-२८ अंशांवर असेल तर आठवडाभरात, दिवे मालवल्यानंतरच्या तास-दोन तासांत, पिल्लं बाहेर पडतात. इथवरचं काम माशांचं. माणसाचं काम त्या रात्रीपासून सुरू होतं.

ही पिल्लं तीन-चार मिलिमीटरची असतात. दोन डोळे आणि मागे काचेसारखी शेपटी. गोड्या पाण्याच्या मत्स्यबीज केंद्रात अशा नवजात पिल्लांना जिरे म्हणतात, बोटाएवढी झाली की बोटुकली. पोटाशी असलेला बलकाचा थेंब जेमतेम दिवसभर पुरतो. त्यानंतर अगदी तोंडासमोर, हलणारं आणि तोंडात मावणारं खाणं हवं. दुकानातली पूड कितीही बारीक केली तरी चालत नाही. जे हलत नाही, त्याला ही पिल्लं खाणं मानतच नाहीत.

म्हणून रोटिफर. खाऱ्या पाण्यात वाढणारा, पाव मिलिमीटरच्या आसपासचा, डोक्यावरचे केस चक्रासारखे फिरवत पोहणारा जीव. पिल्लांच्या टाकीत पाण्याच्या दर मिलिलिटरमागे दहाएक रोटिफर सतत असावे लागतात, म्हणजे पिल्लाला शोधत फिरावं लागत नाही. रोटिफर स्वतः जगतात एकपेशीय हिरव्या शैवालावर. नॅनोक्लोरॉप्सिस हे त्यातलं नेहमीचं. पेशी दोन ते चार मायक्रॉनची. शैवालाला खत हवं, दिवा हवा, हवा हवी. थोडक्यात, शंभर पिल्लं वाढवायची तर आधी शैवालाची शेती, तिच्यावर रोटिफरची शेती, आणि मग मासे. शैवाल बसलं की दोन दिवसांत रोटिफर बसतात, रोटिफर बसले की दुसऱ्या दिवशी टाकी रिकामी.

शिवाय रोटिफर हा नुसता डबा आहे. आत काय भरलंय त्यावर सगळं अवलंबून. यीस्टवर पोसलेले रोटिफर खाऊन पिल्लांची पोटं भरलेली दिसतात, पण डीएचए, ईपीए ही ओमेगा-३ मेदाम्लं मिळाली नाहीत तर ती नेमकी अंगावर पट्टे येण्याच्या सुमारास मरतात. आठ-दहा दिवस जागरण करून झाल्यावर. जेवणाच्या डब्यात काय द्यायचं याची काळजी करणाऱ्या आयांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पाचव्या-सहाव्या दिवसापासून हळूहळू आर्टेमिया सुरू करतात. याची सुकी अंडी डब्यात मिळतात. अमेरिकेतल्या युटा राज्यातलं ग्रेट सॉल्ट लेक हा त्यांचा मोठा पुरवठादार. तशी आर्टेमियाची आणि आपली ओळख जुनीच आहे, सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५३ मध्ये मुंबईच्या मिठागरांतून त्याची नोंद केली होती. अंडी खाऱ्या पाण्यात, खालून हवा सोडत, चोवीस तास ठेवायची. मग हवा बंद केली की टरफलं वर तरंगतात आणि नारिंगी पिल्लं तळाशी, उजेडाच्या बाजूला गोळा होतात. ती सायफनने काढताना हात स्थिर लागतो. टरफलं माशांच्या पोटात गेली तर आतडं अडतं. आठव्या ते पंधराव्या दिवसांत पांढरे पट्टे उमटतात, पिल्लं तळाकडे उतरतात, आणि तेव्हा कुठे वाढवणाऱ्याला झोप लागते.

मी हा उद्योग हौसेने दोनदा केला आहे, बदलापूरच्या घरात. पहिल्या खेपेला टाकीच्या बाजूने ट्यूब लावली होती. पिल्लं उजेडाकडे धावतात. रात्रभर काचेवर डोकी आपटून सकाळपर्यंत निम्मी संपली. दुसऱ्या वेळी बाजूंना काळा कागद लावला, वरून मंद दिवा सोडला, सगळं छान चाललं, आणि चौथ्या दिवशी दुपारी वीज गेली. एअर पंपाला इन्व्हर्टर जोडलेला नव्हता. घरी आलो तेव्हा रोटिफरच्या बादलीला वास येत होता. तेव्हापासून मी मासे वाढवत नाही, मुलांना सल्ले देतो.

मूळ प्रश्न: यात भविष्य आहे का? जगात विकले जाणारे गोड्या पाण्यातले शोभिवंत मासे बहुतेक टाक्यांत जन्मलेले असतात. समुद्री मासे बहुतेक अजूनही प्रवाळ खडकांतून पकडून आणलेले. कारण हेच, पहिल्या आठवड्याचं खाणं. क्लाउनफिश त्यातल्या त्यात सोपा. पिवळा टँग टाकीत वाढवायला हवाईच्या ओशनिक इन्स्टिट्यूटला २०१५ साल उजाडलं. निळा टँग, म्हणजे चित्रपटातली डोरी, २०१६ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत जमला. त्यांच्या पिल्लांच्या तोंडात रोटिफरही मावत नाही. कोपेपॉड या जिवाची त्याहून बारीक पिल्लं द्यावी लागतात. शेकडो जातींचं कोडं अजून सुटायचं आहे.

पण वडिलांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी. रोटिफर-आर्टेमियाची कला नेमोपुरती नाही. सीएमएफआरआय या केंद्रीय संस्थेने २०१० मध्ये कोबियाचं आणि २०११ मध्ये सिल्व्हर पॉम्पॅनोचं प्रजनन केलं. हे खायचे मासे, आणि त्यांचं जिरंही याच खाण्यावर वाढतं. आंध्र आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर कोळंबीच्या हॅचऱ्या आहेत. तिथेही आर्टेमिया लागतोच. ज्याला जिवंत खाद्य न चुकता तयार ठेवता येतं, तो या सगळ्या ठिकाणी कामाचा. मात्र ही ठिकाणं बदलापूर लोकलच्या वाटेवर नाहीत. पोराने कायम घराजवळच राहावं असं वाटत असेल, तर ते आताच बोलून घ्या.

शिक्षणाचा सरळ रस्ता बी.एफ.एस्सी., म्हणजे मत्स्यविज्ञानाची पदवी, चार वर्षांची. आपल्याला जवळचं कॉलेज रत्नागिरीजवळ शिरगावला, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. दिव्याहून सावंतवाडीची गाडी थेट रत्नागिरीला नेते. याशिवाय नागपूर आणि उदगीरला महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची कॉलेजं आहेत. प्रवेश परीक्षेचे नियम बदलत असतात, म्हणून क्लासवाल्याच्या सांगण्यापेक्षा त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचा. पुढे एम.एफ.एस्सी. आणि पीएच.डी.साठी वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, १९६१ ची, देशातली नामांकित. घाटकोपरला उतरून मेट्रोने वर्सोवा. रोज जमेल असा प्रवास. कल्याण-उल्हासनगरात बी.एस्सी. झूलॉजी करून मग इकडे वळू, असं अनेकांना वाटतं. सागरी जीवशास्त्राच्या एम.एस्सी.ला ते चालतं, पण एम.एफ.एस्सी.च्या बहुतेक जागांना बी.एफ.एस्सी.च लागते. हे तिसऱ्या वर्षी कळण्यापेक्षा आता कळलेलं बरं.

आणखी एक, विशेषतः शाकाहारी घरांसाठी. उल्हासनगरच्या सिंधी बांधवांचा झुलेलाल पल्ला माशावर बसून येतो, पण कॉलेजच्या प्रात्यक्षिकात मासा चिरावा लागतो. मत्स्यप्रक्रिया हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे. जमणार नसेल तर फी भरायच्या आधी सांगा.

धंद्याचं म्हणाल, तर जीन्स आणि फर्निचर विकणाऱ्या उल्हासनगरला मी काय शिकवणार? तरी दोन गोष्टी. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मत्स्य संगोपन युनिटची किंमत ३ लाख धरली आहे. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान. २०२० ची ही योजना २०२५-२६ पर्यंत वाढवली होती, तेव्हा अर्जाआधी ठाण्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात सध्याची स्थिती विचारा आणि आधी स्वतःचे पैसे घालायची तयारी ठेवा. दुसरं, जमलेली जोडी महिन्यातून दोनदाही अंडी घालते, पण पिल्लू विकण्याजोगं व्हायला चार-सहा महिने जातात. तोवर मीठ, वीज, आर्टेमिया चालूच. आपल्याकडे समुद्र नाही. लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबाने चाळीस लिटरच्या टाकीला जवळजवळ दीड किलो समुद्री मीठ लागतं, आणि ते स्वयंपाकाचं चालत नाही. नळाच्या पाण्यातला क्लोरीन काढावा लागतो. एप्रिलमध्ये बदलापूर तापतं तेव्हा पाणी २८ अंशांवर ठेवणं ही वेगळीच कसरत. तळमजल्यावर राहणाऱ्यांना जुलै २०१९ आठवत असेलच. वांगणीजवळ पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती.

समुद्री घोडे आणि खरे प्रवाळ मात्र घरात आणू नका, कोणी कितीही खात्री दिली तरी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते येतात. शिक्षा तीन ते सात वर्षांची.

अंबरनाथच्या आईंना मी शेवटी सांगितलं ते सगळ्यांनाच सांगतो. टाकी, मासे, ऑनलाइन सर्टिफिकेट, यातलं काहीही घेऊ नका. एक लहान एअर पंप, चार बाटल्या, आर्टेमियाची छोटी डबी, जमलं तर रोटिफरचं थोडं विरजण आणि एक वही. गणपतीपासून दिवाळीपर्यंत रोज खाद्य तयार करायचं आणि रोज लिहायचं: किती वाजता, तापमान किती, किती पिल्लं फुटली, काय बिघडलं. दिवसाला वीस मिनिटं, बारावीचं वर्ष बुडत नाही. मधल्या काळात नवरात्र येतं, सहामाही येते, ताप येतो. वहीत कोरी पानं फार असतील तर मासे छंद म्हणून पाळा, त्यात कमीपणा काही नाही. पानं भरलेली असतील तर ठाण्याला गाडी बदलून ऐरोलीला जा. तिथल्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानने लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या मदतीने क्लाउनफिशची हॅचरी उभी केली आहे. परवानगी मागून बघा. मुलगा माशांपाशी रेंगाळेल. तुम्ही मागच्या हिरव्या बाटल्यांपाशी कोण उभं आहे ते बघा आणि त्याच्याशी दोन शब्द बोला.

त्या आईंचा पुन्हा फोन आला तो अनंत चतुर्दशीनंतर. मुलगा लांज्याला गेला होता. रोटिफरची बाटलीही गेली होती, दिव्याहून, सावंतवाडीच्या गाडीने, भर गर्दीत.

"बाटली धरली कोणी?" मी विचारलं.

"ह्यांनी."